धाकटा चित्रावर रंग ओततो आणि थोरली रडते, काय करू?

पत्र आलंय बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातनं, एका आईचं. थोडक्यात सांगते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच. जुलैत पाऊस असा लागला की शाळेला सुट्ट्यावर सुट्ट्या, पोरं दिवसभर घरात. मोबाईलवर बघून तिनं मेणखडूनं चित्र काढून वरून पाण्याचा रंग फिरवायचा प्रकार करून बघितला. व्हिडिओत रंग फिरवला की खालचं चित्र चकचकीत वर येतं, यांच्याकडं मात्र चित्र गडप, रंग सगळा शेणासारखा, कागद मधोमध फाटला. वर धाकट्यानं ताईच्या चित्रावर वाटी उपडी केली, ताईनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि सासूबाई फरशीवरचे डाग बघून म्हणाल्या हे उद्योग आता बास. ती विचारते, "मावशी, चित्र मीच काढून दिलं आणि पोरांनी फक्त रंग लावला तर चालेल का? निदान काहीतरी बरं दिसेल."

अगं पोरी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चित्र तू काढून देऊ नकोस. कागद तू दे, रंग तू कालव, पाणी तू बघ, पुसायचं फडकं तुझ्या खांद्यावर, खरं रेघ पोरीची. बालवाडीत मी बावीस वर्षं काढली आणि हे मला शंभर वेळा दिसलं, की मोठ्यानं एकदा सरळ घर काढून दाखवलं, दोन खिडक्या, मधे दार, मागं दोन डोंगर आणि मधून सूर्य, की ते पोर पुढं दोन वर्षं तेच घर काढतं. आपलं वाकडं घर काढायचं बंद करतं आणि "मला येत नाही, तू काढून दे" म्हणत पेन्सिल आपल्या हातात देतं. पाच वर्षांचं पोर कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची एक रेघ ओढतं आणि सगळं त्या रेघेवर उभं करतं, माणूस घराएवढाच आणि फूल माणसापेक्षा उंच. त्याच्या आधी तीन-चार वर्षांचं असताना माणसाच्या डोक्यातनंच पाय फुटलेले असतात, पोट नाहीच. आणि तुझ्या अडीच वर्षाच्याकडनं नुसत्या गोल गोल रेघोट्याच येणार, त्या तशाच यायला पाहिजेत. यातलं काहीही चुकलेलं नाही, दुरुस्त करायचं काही नाही त्यात.

आता तुमचं बिघडलं कुठं ते बघूया, कारण बिघडलं ते चित्र काढण्यात नाहीच, बिघडलं रंगात आणि कागदात.

परसात अळू असेल ना तुझ्या? या दिवसात कुणाच्या परसात नसतं. पोरांना घेऊन जा आणि अळूच्या पानावर तांब्यातनं थोडं पाणी सोड. पाणी पसरत नाही, मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. पानावर मेणाचा अगदी बारीक थर असतो म्हणून ते होतं, मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही. (पान चुरगाळू देऊ नको, हाताला खाज येते आणि तोंडात तर अजिबात नको.) कागदावर मेणखडूची रेघ ओढली की त्या रेघेपुरता कागद अळूचं पान झाला, एवढंच या सगळ्या कलेचं गुपित आहे. वरून पाण्याचा रंग फिरवला की जिथं मेण नाही तिथं तो कागदात मुरतो आणि मेणावरून घसरतो. पोरीला हे पानावर आधी दाखवलंस तर कागदावर काय होणार ते ती स्वतःच ओळखेल, आणि तिचं ओळखलेलं खरं ठरलं की बघ तिचं तोंड कसं होतं.

म्हणजे मेणाचा थर जाड पाहिजे आणि रंग पातळ. तुमचं उलटं झालंय बहुतेक. तू पत्रात पोस्टर कलर लिहिलायस, तिथंच निम्मी गोष्ट आली. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, तो झाकण्यासाठीच केलेला रंग आहे, मेणावर सुद्धा चिकटून बसतो आणि खालचं सगळं बुजवतो. इथं पाहिजे वॉटर कलर, ते गोल गोल वड्यांचं डबीतलं येतं ते, नाहीतर ट्यूबमधलं. ट्यूबचा असेल तर वाटाण्याएवढा रंग आणि तीन-चार चमचे पाणी. पातळ झाला की नाही कसं कळणार? जुन्या पेपरच्या तुकड्यावर एक हात मारून बघ, खालची छापलेली अक्षरं आरामात वाचता आली तर रंग बरोबर आहे, अक्षरं झाकली तर अजून पाणी घाल. घरात खायचा रंग असेल तर अर्ध्या वाटी पाण्यात त्याचे पाच-सहा थेंब टाकले तरी झकास चालतं, फक्त तो कपड्यावरून लवकर जात नाही, तेवढं लक्षात ठेव.

खडूचं पण बघावं लागतं. शाळेच्या दप्तरात बहुतेक प्लास्टिक क्रेयॉन असतात, ते लवकर मोडत नाहीत म्हणून आपण घेतो, खरं ते टणक असतात आणि पोरानं हलक्या हातानं फिरवले तर कागदावर थर अगदी पातळ बसतो, मधे मधे कागद उघडा राहतो आणि तिथनं रंग आत जातो. पाच वर्षाच्या हातात तेवढा जोर नसतो, अडीच वर्षाच्याला तर नाहीच. म्हणून ऑइल पेस्टल घे, ते मऊ असतात, नुसतं टेकवलं तरी जाड रेघ उमटते आणि बारा रंगांची साधी पेटी पुरते. बेळगावला कुणी जाणार असेल तर खडे बाजार, गणपत गल्लीकडनं आणायला सांग, नाहीतर खानापुरात पण मिळते. स्केचपेन मात्र या कामाला बिनउपयोगाचा, त्याची शाई पाण्याचीच असते, वरून ओला ब्रश गेला की विरघळून पसरते, आणि पोरांना वाटतं आपल्याच हातनं बिघडलं.

कागद फाटला तो वहीचा असणार, किंवा ती पातळ ड्रॉइंग बुक मिळते तिचा. तो ओला झाला की फुगतो, मऊ पडतो आणि पोरं तर एकाच जागी वीस वेळा ब्रश घासतात, मग फाटणारच. दुकानात कार्ट्रिज पेपर माग, जाड, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा मिळाला तर उत्तमच, मोठी शीट आणून तिचे चार तुकडे कर. तेही नको असेल तर घरातल्या लग्नपत्रिका बघ. ज्या पत्रिका गुळगुळीत चकचकीत नाहीत त्यांची मागची कोरी बाजू या कामाला फार छान, जाड असते आणि पाणी पिते. आपल्याकडं वैशाखात एकेका घरात पन्नास पत्रिका गोळा होतात.

आणि शेणासारखा रंग का झाला? कारण सगळ्या वाट्या एकदम समोर ठेवल्यास. लाल, पिवळा, निळा, हिरवा सगळे ओले असताना एकमेकात गेले की मातकट तपकिरीच होणार, दुसरं काही होतच नाही. एका वेळी दोनच वाट्या ठेव आणि जोडी अशी निवड की मिसळले तरी तिसरा चांगला रंग होईल, पिवळा-निळा (हिरवा होतो), लाल-पिवळा (नारिंगी), निळा-गुलाबी (जांभळा). पोरांना पूर्ण मोकळीक द्यायची असं आपण म्हणतो ना, माझं म्हणणं असं की मोकळीक चित्रात द्यावी, वाट्या मात्र आपण मोजून ठेवाव्यात. खडू फिकट रंगाचे आणि वरचा रंग गडद, असं केलंस तर सगळ्यात उठून दिसतं. पिवळा, पांढरा, पोपटी, गुलाबी खडू आणि वर गडद निळा. रात्रीचं आकाश आपोआप होतं, काही सांगावं लागत नाही.

आता भांडणाचं.

तू लिहिलंस की धाकटा तिचं चित्र खराब करतो. अगं, जगात चित्राचा एकच प्रकार असा आहे की ज्यात धाकट्यानं वरून रंग ओतला की थोरलीचं चित्र पूर्ण होतं, आणि तो हाच आहे! तिनं मेणखडूनं काढलेलं तो पुसूच शकत नाही. साध्या चित्रावर त्यानं ब्रश फिरवला की नासाडी, इथं त्यानं ब्रश फिरवल्याशिवाय चित्र वर येतच नाही. म्हणजे कामं वाटून दे, थोरली मेणाची, धाकटा पाण्याचा. त्याच्या हातात एक इंची चपटा ब्रश दे, भिंतीला रंग देतात तसला लहान, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बारीक ब्रश तो मुठीत धरून कागदावर आपटतो, चपटा ब्रश मुठीत धरला तरी चालतो. नाहीतर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा दे. एक वाटी, एकच रंग, वाटी स्टीलची जड बुडाची आणि पाव भरलेली. उपडी केली तरी किती सांडणार? माझ्याकडं अशी भावंडं यायची, दादा खडू लावायचा आणि धाकटी ब्रश घेऊन "आता मी, आता मी" म्हणत उभी राहायची, आणि दादाचं चित्र वर आलं की दोघं एकदम ओरडायची. दादाला वाटायचं माझं चित्र आणि तिला वाटायचं मी काढलं, दोघांचंही खरंच होतं की.

हे झालं रंगीत खडूचं. पांढऱ्या मेणबत्तीनं केलंस तर अजून गंमत येते कारण पांढऱ्या कागदावर पांढरं काढलेलं दिसतच नाही. मेणबत्तीचा जाडसर तुकडा घे, दाबून फिरवायला सांग, आणि कुठं काढलं ते बघायचं असेल तर कागद खिडकीच्या उजेडात तिरका धर, मेण चमकतं. तू एखादं अक्षर लिही आणि पोरीला वरून रंग फिरवायला दे, गुप्त पत्र. तुझी पोरगी घरात मराठी आणि शाळेत कानडी, होय ना? मग एका कागदावर आपला "अ" आणि दुसऱ्या कागदावर कानडी "अ" लिही. कानडी अक्षरं गोलमटोल असतात, मेणबत्ती त्यांच्यावरून कशी छान वळते बघ. आणि तिला हे पण सांग की मेणाला कानडीतही मेणच म्हणतात, मेणबत्तीला मेणदबत्ती. रंगाला मात्र बण्ण. शेजारची कानडी मैत्रीण आली असेल तर दोघींनी एकमेकींना अशी गुप्त पत्रं लिहावीत, आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत पोरी तासन्तास हे करत बसलेल्या मी बघितल्यात.

रंग पण घरचा होऊ शकतो. हळद गरम पाण्यात कालवून फडक्यातनं गाळ आणि ते पाणी मेणबत्तीच्या चित्रावर फिरव, पिवळ्यावर पांढरी रेघ येते. वाळलं की त्याच्यावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायला दे. पिवळं होतं ते डोळ्यादेखत लालसर होतं. हळदीचा डाग कपड्यावर असला आणि साबण लागला की लाल होतो, तेच हे. सासूबाईंना विचार, त्यांना कुंकू कशाचं करतात ते माहीत असणार, हळदीला चुन्याची निवळी लागली की लाल होते म्हणून. खरं पोरांच्या हातात चुना देऊ नको, साबण बास आहे. हळदीचा रंग उन्हात उडतो, महिन्याभरात फिका पडतो, पोरीला आधीच सांगून ठेव म्हणजे नंतर रडारड नाही. आणि बाहेर जाता येईल तेव्हा सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला दे तिला, हात लालबुंद होतो. तुमच्याकडं सागाला काय तोटा!

टेपचं काम मात्र पाच वर्षाच्या पोरीला मनापासून आवडेल आणि त्यात चित्र येतं-नाही येत हा प्रश्नच नाही. मास्किंग टेप आण, पेंटर लोक वापरतात ती, कागदी. सेलोटेप नको, ती काढताना कागदाची सालं निघतात. मास्किंग टेप सुद्धा आधी एकदा आपल्या कपड्यावर चिकटवून काढायची, थोडा चिकटपणा मरतो, मग कागदावर लावायची आणि कडा नखानं दाबून घ्यायच्या नाहीतर खालनं रंग शिरतो. तिचं नाव टेपनं लिही. आपल्या अक्षरांना वर शिरोरेघ आहे ना, एक लांब पट्टी आडवी लावली की निम्मं नाव तिथंच झालं, काना म्हणजे उभी पट्टी, आणि गोलाईच्या जागी टेपचे छोटे छोटे तुकडे फाडून वळवत लावायचे. तुकडे फाडायचं काम पोरांचं, बोटांना चांगला व्यायाम होतो. मग अख्ख्या कागदावर पाहिजे ते रंग, पाहिजे तसे, इथं पोस्टर कलर पण चालतो. पूर्ण वाळल्यावर (पूर्ण म्हणजे पूर्ण, अर्धवट ओल्यात ओढली तर कागद फाटलाच समज) टेप हळूहळू, उलट दुमडून, कागदाला जवळजवळ चिकटूनच ओढायची. टेप ओढायचा तो क्षण पोरीचा, तू हात लावू नको.

तुमच्याकडच्या पावसात हे वाळणं हीच मोठी अडचण आहे. कणकुंबीकडं जो पाऊस पडतो तो काय सांगायचा, कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथं कागद कुठला वाळणार. म्हणून माझं सांगणं आहे की पावसाळ्यात मेणाचंच काम कर, मेण वाळावं लागत नाही, खडू फिरवला की लगेच वर रंग. वाळायला ठेवताना दोरीवर टांगू नको, ओला रंग खाली ओघळून सगळं एका बाजूला जातं. पेपरवर आडवं ठेव आणि पंखा लाव. लाईट गेलेली असेल तर न्हाणीत पाणी तापवायची चूल असते त्या भिंतीला लांबनं ऊब लागेल असं ठेव, फार जवळ नको, मेण वितळून तेलकट डाग पसरतात. आणि वाळताना कागद वाकडा झाला तर काळजी करू नको, सुकल्यावर रात्रभर जड पुस्तकाखाली ठेव.

फेव्हिकॉलची आणि खळीची कामं दसऱ्यानंतर, ऊन पडल्यावर. फेव्हिकॉलनं जाड कागदावर रेघा ओढायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, त्या काचेसारख्या पारदर्शक होतात, मग वॉटर कलर. दमट हवेत तो पांढराच राहतो आणि पोरं दर दहा मिनिटांनी बोट लावून बघतात. खळीचं मात्र जरा सविस्तर सांगते कारण ते मला स्वतःला सगळ्यात आवडतं. अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी, दोन छोटे चमचे तुरटीची पूड, गुठळ्या मोडून इडलीच्या पिठासारखं सरसरीत. शिजवायचं नाही. मेंदीच्या कोनात भरायचं, कोन तुला करता येत असणारच. जुनं पांढरं सुती कापड, धोतराचा तुकडा नाहीतर फाटलेल्या उशीचा अभ्रा, पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी टेपनं ताणून बसवायचं आणि त्याच्यावर कोनानं पोरीनं काढायचं. कडक उन्हात दिवसभर वाळलं की खळ कडक होते आणि तिला बारीक तडे जातात, हातानं कापड थोडं चुरगाळलं की अजून जातात. मग फॅब्रिक कलर थोडा पातळ करून सगळीकडं. दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवून खळ नखानं खरवडून काढायची. खळीखाली कापड पांढरं राहतं आणि तडे गेलेले तिथं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रंगीत रेघा. नंतर कापड वाळवून उलट्या बाजूनं इस्त्री, ती तू कर. एक मात्र बघ, खळ लावलेलं कापड रात्री उघडं ठेवू नको, उंदीर आणि झुरळं मैद्यावर येतात, सकाळी पोरीच्या मोराला डोकं नसायचं.

खळ ही आपल्या भागाला नवी नाही. इथं शहापूर-वडगावात मागवाल्यांच्या घरी ताण्याच्या सुताला खळ देतात, मी लहानपणापासनं तो आंबूस वास ओळखते. खळ, चिखल नाहीतर मेण लावून कापडाचा काही भाग झाकायचा आणि मग रंगात बुडवायचं, हे फार ठिकाणी करतात. राजस्थानात बगरूकडं चिखल लावतात, त्याला दाबू म्हणतात. आफ्रिकेत योरुबा बायका कसाव्याची खळ लावून निळीत बुडवतात. जावा बेटावर गरम मेणानं बाटिक करतात, २००९ साली युनेस्कोनं इंडोनेशियाच्या बाटिकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रवींद्रनाथ टागोर १९२७ साली जावाला गेले होते, आणि पुढं शांतिनिकेतनात बाटिक रुजलं. आणि तुझ्या कपाटात एखादी बांधणीची साडी असेल तर ती काढून पोरीला दाखव, एकेक ठिपका म्हणजे दोऱ्यानं गच्च बांधलेली जागा, तिथं रंग शिरला नाही. तिला सांग की तू अळूच्या पानावर बघितलंस तेच हे, फक्त इथं मेणाच्या जागी दोरा आहे.

बाटिकचं गरम मेण मात्र घरात पोरांसमोर करू नको. गरम मेण हाताला चिकटतं, झटकून जात नाही, भाजणं खोलवर होतं. देवघरातला शेंदूर रंग म्हणून कालवू नको, त्यात शिसं असू शकतं. होळीचे उरलेले रंग पण नकोत. धाकटा अजून सगळं तोंडात घालतो, त्याच्याजवळ खडूचे बारीक तुकडे राहू देऊ नको, घशात अडकतात, त्याला अख्खा जाड खडू नाहीतर स्पंज. खडूच्या पेटीवर बिनविषारी लिहिलंय का बघून घे.

सासूबाईंचा राग मला पटतो, फरशी त्यांना पुसावी लागते. आतल्या खोलीत करूच नको. पडवीत नाहीतर न्हाणीच्या दारात बसव, खाली खताची रिकामी प्लास्टिक पिशवी उसवून पसर (आधी धुऊन घे, दोनदा), वर पेपर. पोरांना एकच जुना शर्ट ठरवून ठेव, रंगाचा शर्ट, तो घातला की रंग, काढला की रंग बंद. धाकट्याला पंधरा मिनिटं, जास्तीत जास्त वीस, त्याच्या आधीच तो उठायला लागला तर उठू दे. थोरली पाऊण तास बसेल. आणि खळ करायची वेळ आली की ती सासूबाईंकडनं करून घे, गुठळी न होता पीठ कालवायला त्यांच्याइतकं तुला येणार नाही, रागावू नको. आमच्या बालवाडीत एक आजी सुरुवातीला नातवाला न्यायला यायच्या आणि दारातनं रंग बघून तोंड वाकडं करायच्या, पुढं त्याच कोन भरून आणायच्या घरनं.

दिवाळीपर्यंत जी चित्रं जमतील ती टाकू नको. मेणखडू आणि वॉटर कलरचं चित्र, पत्रिकेवरचं नको, जरा पातळ ड्रॉइंग पेपरवरचं, पूर्ण वाळलं की मागच्या बाजूनं कापसाच्या बोळ्यानं शेंगतेल चोळ, जादा तेल कागदानं टिपून घे. कागद उजेडात धरला की काचेसारखा होतो. अशी चार चित्रं पुठ्ठ्याच्या चौकटीला चिकटवून आकाशकंदील कर. चिकटवायच्या कडांना मात्र तेल लावू नको, फेव्हिकॉल धरत नाही. आत छोटा एलईडी बल्ब लाव, पणती अजिबात नको, तेलाचा कागद आहे.

एक राहिलं. पहिल्या दिवशी थोरलीचं चित्र परस्पर उचलून धाकट्याच्या हातात देऊ नको. तिला विचार, "बाळूला रंग फिरवायला देऊया का?" ती नको म्हणाली तर नको. ते चित्र तिचं तिला रंगवू दे, आणि त्याला दुसरा कागद दे, ज्यावर तू मेणबत्तीनं नुसत्या गोल गोल रेघोट्या मारून ठेवल्यास, त्याच्यासारख्याच. तो रंग फिरवेल, रेघोट्या वर येतील, ती बाजूला बसून बघत असेल. दोन-तीन दिवसांत ती स्वतःच आपला कागद त्याच्यापुढं सरकवेल, तोवर थांब.